पट्टी खाली घेतलेला माणूस

मुंबईत जोराचा पाऊस झाला की बातम्यांत दोन आकडे येतात. कुलाबा इतके मिलिमीटर, सांताक्रूझ इतके मिलिमीटर. हवामान खात्याच्या वेधशाळा या दोन ठिकाणी आहेत म्हणून. २६ जुलै २००५ ला कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला आणि सांताक्रूझला २४ तासांत ९४४. मी त्या ९४४ मध्ये होते. बारा वर्षांची, वाकोल्याच्या एका चाळीत, माळ्यावर. खाली घरात कमरेएवढं पाणी, लाइट गेलेली, पलीकडच्या चाळीतलं कुणी दिसत नव्हतं. रात्री कधीतरी बाबांनी त्या अंधारात गजर लावला. पखवाज नाही, टाळ नाही, नुसता आवाज. थोड्या वेळाने नाल्याच्या बाजूच्या चाळीतून कुणीतरी साथ दिली. मग आणखी कुणीतरी. एवढ्या पावसात तो आवाज तिकडे पोचला, कारण तो फार वरचा होता.

चार-पाच वर्षांनी कॉलेजातल्या एका मित्राने पेनड्राइव्हमध्ये लेड झेपेलिन भरून दिलं. त्यात 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' होतं. मला तेव्हा एकही शब्द कळला नव्हता. पण ते ड्रम ऐकले आणि मी माळ्यावर जाऊन बसले. हे पाणी होतं. पाणी चढताना असंच चढतं, घाई न करता. आणि त्या पाण्याच्या वर एक माणूस बाबांसारखा, जिवाच्या आकांताने वरच्या पट्टीत गात होता.

त्याचं नाव रॉबर्ट प्लांट. हा लेख त्याच्याबद्दल आहे. पण बाबा मध्ये मध्ये येतील, त्याला इलाज नाही.

वरची पट्टी

आधी बाबांचं सांगते. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. बाबा दिवसा फिटर आणि रात्री भजनी बुवा. डबलबारी ज्यांनी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी: दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. एकाने बारी लावायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. रूपाचा अभंग, गवळण, गजर. पहाटेपर्यंत चालतं. शब्दांची जुगलबंदी असतेच, पण पब्लिक खरं पाहतं ते आवाज किती वर जातो ते. बुवाची पट्टी कुठली, हा त्याच्या इज्जतीचा प्रश्न. पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या सुराला तुम्ही 'सा' मानून गाता तो सूर. बाबांची काळी चार. पुरुषाने त्या पट्टीत तासन्‌तास गायचं म्हणजे गळा पणाला लावायचा.

आता प्लांट. जन्म २० ऑगस्ट १९४८, इंग्लंडमधलं वेस्ट ब्रॉमविच. कारखान्यांचा, कोळशाच्या धुराचा भाग. घरच्यांना वाटत होतं पोराने अकाउंटंट व्हावं. पोराने ते शिक्षण काही दिवसांतच सोडलं आणि अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या रेकॉर्डी ऐकत तो ब्लूज गाऊ लागला. १९६८ मध्ये गिटारवादक जिमी पेजने त्याला आपल्या नव्या बँडमध्ये घेतलं. तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावर होता. जानेवारी १९६९ मध्ये लेड झेपेलिनचा पहिला अल्बम आला आणि रॉक गायकाने किती वर जायचं याचं माप बदललं. पुढची कित्येक वर्षं जगभरातल्या गायकांनी ते माप गाठायचा प्रयत्न केला. बरेच जण अजून करतात. हीसुद्धा एक डबलबारीच आहे, फक्त समोरचा बुवा दिसत नाही.

त्या आवाजाचं कौतुक करताना एक गोष्ट लपवायला नको. तो आवाज उधारीवर उभा होता. 'होल लॉटा लव्ह'चे शब्द मडी वॉटर्सने गायलेल्या, विली डिक्सनने लिहिलेल्या गाण्यातून आले आणि डिक्सनचं नाव कुठे नव्हतं. १९८५ मध्ये डिक्सनने दावा ठोकला, नंतर तडजोड झाली आणि नाव लागलं. शिकागोतल्या गरीब वस्तीत ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा इंग्लंडच्या या पोरांनी कमावला. प्लांटचं पुढचं सगळं आयुष्य मला या कर्जाच्या संदर्भात वाचावंसं वाटतं. नाव न लावता घेतलेली वस्तू परत कशी करायची? गाण्यात एकच मार्ग असतो: नीट ऐकायचं, आणि मग गायचं.

'लेव्ही'मध्ये निदान नाव होतं. मूळ गाणं १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या जोडप्याचं. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीचे बांध फुटले, लाखो लोक बेघर झाले, त्यावरचं. मूळ रेकॉर्डिंग ऐका. दोन गिटार आणि एक शांत आवाज. कॅन्सस जो ओरडत नाही. घर गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी जसा बोलतो तसा तो गातो. झेपेलिनने १९७१ मध्ये त्याचं सात मिनिटांचं वादळ केलं. जॉन बॉनमचे ड्रम एका जुन्या बंगल्याच्या जिन्याखालच्या हॉलमध्ये ठेवले, माइक जिन्यावर वर टांगले, आणि नंतर टेपचा वेग कमी केला. म्हणून ते इतकं जड वाटतं. ते वादळ मला अजूनही हलवतं. पण त्यात पूर आहे, पुरानंतरची सकाळ नाही. ती गायला प्लांटला आणखी ५० वर्षं लागली.

मुंबई, १९७२

मधल्या काळात हा माणूस आपल्या गावात येऊन गेला, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत होते. कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोत त्यांनी अचानक स्टेजवर चढून स्थानिक वादकांबरोबर वाजवलं, ही गोष्ट जुने मुंबईकर अजून सांगतात. ज्या बँडला तेव्हा अमेरिकेतली स्टेडियम पुरत नव्हती, त्यातले दोघं एका छोट्या खोलीत.

पण त्याहून महत्त्वाचं काम त्यांनी स्टुडिओत केलं. मुंबईतल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपलीच दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. ती टेप ४० हून जास्त वर्षं कपाटात राहिली. २०१५ मध्ये 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत ती अधिकृतपणे बाहेर आली. फोनवर सहज मिळेल.

खरं सांगायचं तर रेकॉर्डिंग कच्चं आहे. 'फ्रेंड्स'मध्ये वाद्यं आणि गिटार एकमेकांकडे बघत चालल्यासारखी वाटतात. आपले वादक ताल आवर्तनात मोजणारे, पाहुणे बार मोजणारे. समेवर भेट होते, पण मध्ये कुणीतरी चाचपडतं. मला मात्र त्यात प्लांटचा आवाज ऐकावासा वाटतो. मूळ गाण्यात तो मालक आहे. इथे थोडा पाहुणा झालाय, जपून पाय टाकतोय. २४ वर्षांच्या जगज्जेत्याला पहिल्यांदा जाणवलं असावं की काही ठिकाणी आवाज वाढवून भागत नाही, समोरच्याचं ऐकावं लागतं. लगेच काही बदललं नाही. बँड परत गेला, स्टेडियम परत भरली. पण बी पडलं ते इथे, असं मी मानते.

त्या वेळी मुंबईत मराठी घरातलाही एक रॉक गायक होता. नंदू भेंडे, आत्माराम आणि आशा भेंडे या नाटकवाल्या जोडप्याचा मुलगा. 'वेलव्हेट फॉग' या बँडमधून गाणारा. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये तो ज्यूडास झाला, आणि १९७८ मध्ये जब्बार पटेलांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त त्याने तो रॉकचा गळा थेट मराठीत आणला. शब्द पु. ल. देशपांड्यांचे. २०१४ मध्ये तो गेला. त्याच्याबद्दल बोलताना लोक अजून सत्तरच्या दशकाबद्दलच बोलतात. आपल्याकडे शास्त्रीय गायकाला म्हातारं व्हायची परवानगी आहे. मल्लिकार्जुन मन्सूर ऐंशीच्या घरात गात होते आणि लोक म्हणायचे, आता खरं गाणं सुरू झालं. रॉक गायकाला ती परवानगी नाही. भजनी बुवालाही नाही.

गळा

१९७२ च्या मैफिलींचं 'हाउ द वेस्ट वॉज वन' ऐका आणि मग १९७३ च्या न्यूयॉर्कच्या मैफिलींचं 'द साँग रिमेन्स द सेम'. एकाच वर्षाचा फरक, पण आवाज उतरलेला कळतो. ज्या जागा तो आधी सहज घ्यायचा तिथे आता चाल वळवून खालून जातो. वय २४. अति गायलं की हे होतं. बाबांच्या ओळखीतल्या निम्म्या बुवांचं झालंय.

मग आयुष्याने एकामागून एक घाव घातले. १९७५ मध्ये ग्रीसच्या एका बेटावर गाडीचा अपघात झाला, त्यानंतरचा 'प्रेझेन्स' अल्बम त्याने व्हीलचेअरवर बसून गायला. १९७७ मध्ये बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्याचा पाच वर्षांचा मुलगा कॅरक आजारपणात गेला. सप्टेंबर १९८० मध्ये बॉनम गेला. १६ व्या वर्षापासूनचा दोस्त. त्या डिसेंबरमध्ये बँडने थांबत असल्याचं जाहीर केलं. प्लांट ३२ वर्षांचा होता. एका माणसाचं करिअर म्हणून तेवढं पुरेसं होतं.

त्याने ऐंशीच्या दशकात जे केलं त्याबद्दल मी हळवी होणार नाही. 'पिक्चर्स ॲट इलेव्हन' आणि 'द प्रिन्सिपल ऑफ मोमेंट्स'मध्ये चांगली गाणी आहेत, पण सिंथेसायझरच्या गर्दीत गायक हरवलेला आहे. आपण झेपेलिनचे नाही हे सिद्ध करायच्या नादात तो कुणाचाच राहिला नाही. १९९४ मध्ये पेजबरोबर 'नो क्वार्टर' केलं, मोरोक्कोत जाऊन, इजिप्शियन वादकांना घेऊन, आणि १९७२ च्या त्या कच्च्या टेपचं उरलेलं काम पूर्ण झाल्यासारखं वाटलं. २००३ मध्ये तो माली देशाच्या वाळवंटात भरणाऱ्या एका संगीत महोत्सवात जाऊन गायला. ज्या आफ्रिकेतून ब्लूज जहाजात कोंबून अमेरिकेला नेला गेला, तिथे. आवाज आता खाली आला होता. तो त्याला वर ढकलायचा थांबला होता.

२००७

पूर्ण करिअर समजून घ्यायचं तर या एका वर्षाकडे बघा.

ऑक्टोबरमध्ये 'रेझिंग सँड' आला. सोबत ॲलिसन क्राउस, ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताची गायिका आणि फिडलवादक, त्याच्यापेक्षा जवळपास २३ वर्षांनी लहान. झेपेलिनमध्ये प्लांट जवळजवळ नेहमी एकटा गायचा. इथे त्याला दुसऱ्या आवाजाच्या शेजारी, तिच्या श्वासाला श्वास लावून गायचं होतं. त्या अल्बममध्ये तो एकदाही ओरडत नाही. 'प्लीज रीड द लेटर' हे गाणं त्याने पेजबरोबर १९९८ मध्येच केलं होतं, तेव्हा फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. इथे तेच हळू केलं, खाली आणलं, आणि तेव्हा कळलं की ते पत्र आहे. पत्र मोठ्याने वाचायचं नसतं. या गाण्याला आणि अल्बमला २००९ मध्ये ग्रॅमीचे सर्वांत मोठे पुरस्कार मिळाले.

त्याच डिसेंबरच्या १० तारखेला लंडनच्या ओटू अरिनात लेड झेपेलिन पुन्हा उभी राहिली, बॉनमच्या जागी त्याचा मुलगा जेसन. एका रात्रीसाठी. जगभरातून तिकिटांसाठी झुंबड उडाली. ती मैफल 'सेलिब्रेशन डे' नावाने बघता येते. नीट ऐकाल तर कळेल की बरीच गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली घेतली आहेत. मैफल जबरदस्त आहे, आणि त्यानंतर सगळ्यांना जागतिक दौरा हवा होता. प्लांट नाही म्हणाला आणि क्राउसबरोबर गायला निघून गेला.

चाहते त्याच्यावर अजून चिडलेले आहेत. त्यांचं म्हणणं असं की गळा राहिला नाही म्हणून तो घाबरला आणि त्याला कलेचं नाव दिलं. याला उडवून लावता येणार नाही. घाबरलाही असेल. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो: एवढा पैसा असल्यावर कुणीही पट्टी खाली आणेल. त्याला नकार परवडतो. २०१२ मध्ये भांडुपच्या एका बारीत गजराच्या टिपेला बाबांचा आवाज फाटला. समोरच्या मंडळातून हसण्याचा आवाज आला. पुढच्या वर्षी सुपाऱ्या कमी झाल्या, मग बंद. मी म्हटलं, बाबा, खालून गा ना. ते म्हणाले, "पट्टी खाली इली काय बुवा संपलो." पेटी माळ्यावर गेली. आमच्याकडे खालच्या पट्टीसाठी श्रोताच नव्हता, तर त्यांनी गायचं कुणासाठी?

म्हणून मी असं म्हणणार नाही की प्लांट धाडसी आणि बाबा भित्रे. माझं म्हणणं एवढंच की प्लांटने स्वतःसाठी नवीन श्रोता तयार केला, आणि तो तयार करायला त्याला २५ वर्षं लागली, त्यातली बरीचशी वाईट. त्याच २००७ मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात ८५ वर्षांचे भीमसेन जोशी गायले. त्यांच्यासमोर तो श्रोता आधीपासून बसलेला होता. पिढ्यान्‌पिढ्यांनी तो घडवला होता. प्लांटला तो एकेक करून गोळा करावा लागला. लांब करिअर म्हणजे नुसतं टिकून राहणं नाही. आपल्या बदललेल्या आवाजाला ऐकणारे कान शोधत राहणं, हे त्यातलं खरं काम.

पुरानंतरची सकाळ

२०२१ मध्ये क्राउसबरोबरचा दुसरा अल्बम 'रेझ द रूफ' आला आणि २०२२ च्या दौऱ्यात त्यांनी 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' गायला सुरुवात केली. याचे व्हिडिओ शोधा, हेडफोन लावा. ते राक्षसी ड्रम नाहीत. फिडल आहे, लांबून येणारं. प्लांटची पंचाहत्तरी जवळ आलेली. तो जवळजवळ बोलतो. १९७१ मध्ये तो पाण्याशी भांडत होता. आता पाणी येऊन गेलंय, भिंतीवर ओल कुठपर्यंत चढली होती ते तो बोटाने दाखवतोय. कॅन्सस जोच्या रेकॉर्डच्या इतक्या जवळ तो याआधी कधीच गेला नव्हता. उधारी फिटली की नाही हे मी कोण सांगणारी, पण त्याने ते गाणं शेवटी नीट ऐकलं हे कळतं.

त्यानंतरही तो थांबलेला नाही. २०१९ पासून त्याच्याच भागातल्या, फारशा नाव नसलेल्या वादकांचा 'सेव्हिंग ग्रेस' हा छोटा बँड घेऊन तो लहान लहान हॉलमध्ये गातोय, सोबत सूझी डायन. २०२५ मध्ये त्या बँडचा अल्बम आला. सगळी दुसऱ्यांची गाणी. बरीचशी गाणी तो सूझीबरोबर वाटून गातो.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री वाकोल्यात असाच पाऊस लागला होता. बाबा सवयीने दारात उभे राहून नाल्याकडे बघत होते. मी त्यांना फोनवर २०२२ चं 'लेव्ही' लावून दिलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"ह्यो किती वर्षांचो?"

मी वय सांगितलं.

"आदी खंयच्या पट्टीत गायत होतो?"

मी १९७१ चं लावलं. दीड मिनिटं ऐकून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"मगे बरोबर केल्यान."

पेटी काढली नाही, गायले तर नाहीतच. झोपायच्या आधी म्हणाले, ते पहिलं गाणं व्हॉट्सॲपवर पाठव. मी पाठवलं. सकाळी बघितलं तर त्यांनी ते त्यांच्या जुन्या पखवाजवाल्याला फॉरवर्ड केलं होतं. खाली काही लिहिलं नव्हतं.